यथाशक्ती म्हणजे किती?

लग्न होऊन मी बडोद्याला, रावपुऱ्यातल्या सासरी आले तेव्हा माझ्या सामानात एक तंबोरा होता. सासूबाईंनी तो दारातच अडवला आणि विचारलं, "हे कुठं बांधायचं?" जणू मी माहेराहून म्हैस आणली होती. शेवटी तो देवघरातल्या भिंतीला टेकला, आणि माझ्या गाण्याची किंमत त्याच दिवशी ठरली. देवाशेजारी ठेवलेल्या वस्तूचा भाव कुणी विचारत नाही.

माझ्याजवळ संगीताची पदवी होती, आवाज होता. अक्कल सोडली तर सगळं होतं. आजूबाजूच्या बायका मुलींना पाठवू लागल्या तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "शिकव हो, नको म्हणत नाही मी. पण हातात पैसे घ्यायचे नाहीत. आपण दरबारी माणसं. आपल्यात विद्या विकत नाहीत."

दरबारी म्हणजे काय, तर माझे आजेसासरे संस्थानच्या नोकरीत होते. पागेत. घोड्यांच्या चाऱ्याचा हिशेब ठेवायचे. कुठल्या घोड्याला किती गवत लागतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्या विद्येचा पगार ते दर महिन्याला हात पुढे करून घेत होते. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मी मान खाली घालून "हो" म्हटलं. नुसतं भीतीनं म्हटलं असतं तर आज सासूबाईंच्या नावानं बोटं मोडून मोकळी झाले असते. पण मला ते आवडलं होतं. मी गाणं विकत नाही, या वाक्याची अशी काही धुंदी मला चढली की भाजीवालीशी चार आण्यांसाठी भांडतानाही ती उतरत नसे.

आमच्याकडची पद्धत अशी: पेटीशेजारी सरस्वतीची तसबीर, तिच्यासमोर पितळेचं ताट. ज्याला जे द्यायचं ते त्यानं ताटात ठेवायचं. कुणी विचारलंच, तर मी म्हणायचं, "यथाशक्ती." हा शब्द मी आरशासमोर म्हणून बघितला होता, आता सांगायला काय हरकत आहे! डोळे किती झुकवायचे, पदराचं टोक कुठं धरायचं, 'क्ती' किती हळू सोडायचा. ताना घोटल्या नसतील एवढा तो शब्द घोटला.

आणि शक्ती तरी कशा एकेकाच्या! दुमजली घरातून नारळ यायचा. दसऱ्याला नारळ, गुरुपौर्णिमेला नारळ, परीक्षेत पास झाली म्हणून नारळ. आमच्या घरात बारा महिने नारळाच्या वड्या असत. मुलगा शाळेच्या डब्यात त्या न्यायला तयार होईना. मुलं त्याला वडीच म्हणायला लागली होती. दुसरी गोष्ट ब्लाउजपीस. एकदा मी एका मंगळागौरीला दिलेला मोरपंखी ब्लाउजपीस तीन घरं फिरून माझ्या ताटात परत आला. मी ओळखला, कारण त्याच्या कोपऱ्यावर माझ्याच हळदीचा डाग होता. मी तो डोळ्यांना लावला आणि कपाटात ठेवला. काय तो सोज्वळपणा! आज त्या बाईला एक चिमटा काढावासा वाटतो. त्या बाईला म्हणजे मलाच.

एक गुजराती बाई मात्र सरळ होती. तिचं कापडाचं दुकान होतं, मुलीचा गळा गोड होता. आली, बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "बेन, फी केटली?"

मी डोळे झुकवले. "यथाशक्ती."

ती थोडा वेळ वाट बघत राहिली. तिला वाटलं, आकडा यायचा आहे अजून. मग तिनं अगदी मनापासून विचारलं, "यथाशक्ती एटले केटला?"

म्हणजे किती. त्यात टोमणा नव्हता, कंजुषी नव्हती. दहा वार कापडाचे जसे अमुक होतात तसे गाण्याचे किती होतात, एवढंच तिला हवं होतं, म्हणजे ती महिन्याच्या महिन्याला ते बाजूला काढून ठेवणार होती. मी पुन्हा तेच म्हणाले, या वेळी अधिक हळू आवाजात, आणि वर हसले. ती उठली. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी मांडवीजवळच्या एका क्लासला जायला लागली, जिथं फीचा आकडा दारावरच चिकटवलेला होता. मी घरी आल्यागेल्याला सांगत सुटले, "व्यापारी लोक! त्यांना काय कळणार कला?" खरं तर त्या खोलीत कलेला किंमत असते असं मानणारी ती एकटीच होती. माझी सगळ्यात चांगली शिष्या मी माझ्या झुकलेल्या डोळ्यांनी घालवली.

एकदा तंबोऱ्याच्या तारा बदलायच्या होत्या, आणि त्या जिथं टेकतात ती जागा घासून आवाज पुन्हा गोल करून घ्यायचा होता. कारागिरानं तंबोरा मांडीवर घेतला, एकदा छेडला आणि आकडा सांगितला. मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही बरं का, की हा माणूस विद्या विकतोय. घरी येऊन मी यजमानांकडे पैसे मागितले. त्यांनी दिले. माणूस वाईट नव्हता. पाकीट बंद करताना एवढंच म्हणाले, "तुझे छंद सांभाळायचे तर मला ओव्हरटाइम करायला हवा." बाहेरच्या खोलीत त्या वेळी माझ्याकडे शिकणाऱ्या मुली पलटे म्हणत होत्या. दारात चपलांचा ढीग होता. एखाद्या वाण्याच्या दुकानापुढं तेवढ्या चपला असत्या तर त्यानं मजला चढवला असता. आणि मी चार तारांसाठी हात पसरून उभी होते. तेव्हा मी हसले होते, असं आठवतं. छंद! किती गोड शब्द आहे, नाही? बाईनं आयुष्यभर रोज चार तास एखादं काम केलं की त्याला छंद म्हणतात.

पुढं सासूबाई गेल्या. आम्ही रावपुरा सोडून कारेलीबागेत सोसायटीत राहायला आलो. आता मला अडवणारं कुणी नव्हतं. म्हणजे पंचाईतच झाली, दोष द्यायला माणूस उरलं नाही. पितळेचं ताट मी स्वतःच्या हातानं घासून नव्या घरात मांडलं. कारेलीबाग म्हणजे तर क्लासांचं माहेरघर. गणिताचा, इंग्रजीचा, परदेशी जायच्या परीक्षांचा. संध्याकाळी स्कूटरींच्या रांगा. गणिताच्या क्लासला आईबाप वर्षाचे पैसे जूनमध्ये भरून टाकायचे, तोंडातून चकार शब्द न काढता, आणि तिथून पोराला माझ्याकडे सोडून भाजीला जायचे. यायला उशीर झाला की मी पोरांना पोहे करून घालायची. क्लास होता की पाळणाघर, कुणास ठाऊक. पण नाव मात्र झालं. देवमाणूस म्हणायचे मला. मी तो शब्द ताटातून उचलून रोज उशाशी घेऊन झोपायची.

एवढं सगळं सांगायचं कारण माझी नात.

मुलाची मुलगी. तिला मीच शिकवलं, आणि नंतर तिनं रीतसर पदवी घेतली. माझ्यासारखी नाही ती. माझा गळा चांगला होता, तिचं डोकंही चांगलं आहे. शिकून झाल्यावर चार वर्षं एका ऑफिसात कानाला यंत्र लावून लोकांच्या तक्रारी ऐकायची. आवाज बसायला लागला तेव्हा तिनं राजीनामा दिला आणि घरी सांगितलं, "मी गाणं शिकवून पोट भरणार."

माझा मुलगा तिच्यावर ओरडला नाही. तो शांतपणे म्हणाला, "पुढच्या दिवाळीपर्यंत बघ. घरात तुझा वाटा देता आला तर पुढं बोलणार नाही मी. नाही जमलं तर मिळेल ती पगाराची नोकरी, आणि कुरकूर नाही." तिनं वडिलांशी हातात हात देऊन सौदा केला. मी टेबलाशी बसून शेंगा सोलत होते. मला वाटलं, आता आपण आहोत की मदतीला.

फी ठरवायला ती जेवणाच्या टेबलाशी माझ्यासमोर बसली.

"आठवड्यातून दोनदा, पाऊण पाऊण तास. एका वेळी तीनच मुलं. महिन्याचे दोन हजार, पहिल्या आठवड्यात, आगाऊ. चुकलेला वर्ग भरून मिळणार नाही."

माझ्या हातातली शेंग खाली पडली. "दोन हजार? सा लावायला?"

"शेजारचा गणितवाला किती घेतो माहितेय तुला?"

"अगं, गणित म्हणजे गणित."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... त्यावर पोट भरतं."

"कुणाचं?"

"शिकणाऱ्याचं. पुढं जाऊन."

"आणि शिकवणाऱ्याचं आत्ताच भरतं. माझं कधी भरायचं, आजी?"

मग तिनं मला समजावून सांगितलं, लहान मुलीला सांगावं तसं. पाऊण तास शिकवायचं तर आधी आपला सकाळचा रियाझ असतो, त्याचे पैसे कोण देणार? पेटी उन्हाळ्यात बिघडते. मे महिन्यात मुलं मामाकडे जातात, तेव्हाही आपल्याला जेवायला लागतं. एका वेळी दहा पोरं बसवली तर फी कमी करता येईल, पण मग कुणाचा सूर कुठं गेला ते ऐकू येत नाही; ते शिकवणं नव्हे, ती प्रार्थना. "जेवढी घेतली तर मला हे काम पुढच्या वर्षीही नीट करता येईल, तेवढी योग्य फी," ती म्हणाली. "त्याच्या वर लूट, त्याच्या खाली माझी लूट."

पदवीच्या परीक्षेत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी शेंग उचलली.

आईबाप यायला लागले. मी दिवाणखान्यात मुद्दाम बसायची, आपल्या उपस्थितीनं वजन पडेल म्हणून. पडलं की! पहिलीच आई मला बघून विरघळली. "अय्या, मावशी! तुमच्याकडे माझी नणंद शिकायची. एक पैसा नाही घेतलात हो कधी. देवमाणूस!" आणि मग माझ्या नातीकडे वळून, "दोन हजार म्हणालीस का गं?"

दुसरीचं तेच. "आजींसारखं नाही राहिलं आता कुणी." तिसरे एक गृहस्थ होते, ते तर हात जोडून म्हणाले, "तुमच्या घराण्यात हे व्यवहाराचं कधी नव्हतं." पागेतल्या चाऱ्याचं घराणं! माझी जेवढी स्तुती होई तेवढे नातीचे पैसे कमी होत. कुणी "बाराशे लावा" म्हणे, कुणी "दोघी बहिणींचे मिळून दोन". नात हसून प्रत्येकाला तेच सांगायची, "दोन हजार. जमत नसेल तर राग नाही." ते गेल्यावर ती माझ्याकडे बघायची नाही. मला वाटतं, ते तिनं माझ्यावर केलेले उपकार होते. दुसऱ्या आठवड्यापासून कुणी आलं की मी आतल्या खोलीत जाऊन बसू लागले.

तरी मुलं जमली. थोडी, पण टिकणारी. तिच्या शिकवण्यात दम होता. दारामागून ऐकताना मला कळायचं की मी जे वर्षभर घोळवत राहायची ते ही तीन महिन्यांत बसवते, कारण हिला पुढच्या महिन्यात त्या आईला तोंड द्यायचं असतं. गणपतीपर्यंत ती घरात अर्धा वाटा द्यायला लागली. मुलानं ते पैसे घेतले आणि मोजले नाहीत. दिवाळीपर्यंत बाकीचा अर्धा जमला असता, असं आजही मला वाटतं.

तेवढ्यात शेजारच्या सोसायटीत एक वर्ग निघाला. विनामूल्य. 'संगीत ही सेवा आहे' असं वर लिहिलेला, फुलांचं चित्र काढलेला निरोप सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. वर्ग घेणारी माझीच जुनी विद्यार्थिनी. सात वर्षं शिकली माझ्याकडे. तिच्या आईची शक्ती कधी नारळापुढं गेली नाही. पुढं बँकेत मोठ्या हुद्द्यावर चढली आणि नुकतीच निवृत्त झाली होती. नातीची चार मुलं एका आठवड्यात तिकडे गेली. एकीची आई जाताना म्हणाली, "वाईट नका वाटून घेऊ. फुकट मिळतंय तर..."

मी त्या विद्यार्थिनीकडे गेले. तिसरा मजला, लिफ्ट, दिवाणखान्यात एसी, नवी कोरी पेटी. वाकून नमस्कार केला तिनं. "बाई, तुम्ही! फोन केला असतात तर मी घ्यायला आले असते." साबुदाण्याची खिचडी पुढं ठेवली.

मी मुद्द्यावर आले. "तू पैसे घे."

"कशाचे?"

"शिकवण्याचे. कितीही घे, पण घे. माझी नात त्यावर पोट भरायचं बघतेय. तू फुकट वाटलंस तर तिच्याकडे कोण येईल?"

ती दचकली. मग तिनं पदर सावरला, डोळे झुकवले. देवाशप्पथ सांगते, अगदी तेवढेच झुकवले, जेवढे मी आरशात बघून ठरवले होते. "बाई, विद्या का विकायची असते? तुम्ही कधी घेतलेत का? तुमचं बघूनच तर..."

"माझं बघू नकोस! मला नवरा होता पोसायला. तुला पेन्शन आहे. तिला काय आहे?"

"हुशार आहे हो ती. काहीतरी करेल दुसरं." मग माझी समजूत घालावी तशी म्हणाली, "आणि गाणं काय, छंद म्हणून राहीलच की."

खिचडीतला दाणा माझ्या कवळीखाली अडकला. मी तो तसाच ठेवून उठले.

आता खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या अंगात लहानपणापासून एक कारटी बसलेली आहे, ती या वयातही मधूनच उठते. मला वाटलं, फुकट आहे ना? सगळ्यांना आहे ना? मग मीही शिकते. रविवारी सकाळी मी चांगली नारायणपेठी नेसले, घरात "देवळात जाते" म्हणून सांगितलं आणि त्या वर्गात सतरंजीवर पोरांच्या मध्ये जाऊन बसले. आया भिंतीशी बसल्या होत्या. माझी विद्यार्थिनी कावरीबावरी झाली. मी म्हटलं, "चालू दे. मी शिकायला आलेय."

ती भूप शिकवत होती. सोपा राग. त्यात म आणि नी हे दोन स्वर येतच नाहीत, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. वर जाताना तिचा नी लागला. मी हात वर केला.

"बाई, हा कोण पाहुणा?"

पोरं हसली. ती लाल झाली, पुन्हा गायली, पुन्हा तो आला. मी पुन्हा हात वर केला. "आमच्या वेळी हे भूपात नव्हते हो. नवीन राहायला आलेत का?" आता आयाही हसायला लागल्या. मी मनातल्या मनात म्हटलं, अजून दोन रविवार, की ही वर्ग बंद करेल. फुकटचं काय असतं ते लोकांना कळेल आणि नातीची मुलं परत येतील.

तिनं पेटी सरकवून माझ्यासमोर आणली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. "बाई, तुम्हीच दाखवा ना एकदा. माझ्याकडून तो जात नाही."

दाखवायचं नव्हतं मला. उठून निघायचं होतं. पण पेटी समोर, पोरांचे चेहरे वर झालेले, आणि कित्येक वर्षांत कुणी मला 'बाई, दाखवा' म्हटलं नव्हतं. मी सा लावला. मग डोळे मिटले. मग काय झालं ते मला सांगता येणार नाही, येतं ते एवढंच की आवाज लागला होता. या वयात, रियाझ न करता, लागला होता. मी पोरांकडून सूर घासून घेतले, एकेकाला वेगळं म्हणायला लावलं, तिचा तो नी मुळापासून उपटून काढला, आणि डोळे उघडले तेव्हा बारा वाजून गेले होते. भिंतीशी बसलेल्या सगळ्या आया मोबाइल धरून माझं चित्रण करत होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "आ तो बे-बे बेन मफतमां!"

एकावर एक फुकट. साबणाच्या वडीसारखी.

दोन दिवसांनी रात्रीच्या जेवणाला नातीनं मोबाइल माझ्या ताटाशेजारी ठेवला. त्यावर माझा फोटो. डोळे मिटलेले, तोंड एवढं उघडं की पडजीभ दिसावी. खाली लिहिलं होतं: आमच्या गुरू आता दर रविवारी स्वतः मार्गदर्शन करणार, प्रवेश विनामूल्य.

"देवळात गेली होतीस ना?" तिनं विचारलं.

"भांडायला गेले होते गं. तो वर्ग मोडायला."

"आणि?"

मी वरणभात कालवत राहिले.

"गायलीस," ती म्हणाली. "किती वेळ?"

"... दोन तास असतील."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "चांगलं शिकवलंस म्हणे. माझ्याकडच्या दोघा मुलांच्या आया होत्या तिथं. उद्यापासून येणार नाहीत असं कळवलंय त्यांनी." आणि तिनं माझ्या ताटात तूप वाढलं.

मी पुढच्या रविवारी गेले नाही. त्यानंतरच्याही नाही. त्यानं काही फरक पडला नाही. आजी आज ना उद्या येतील, या आशेवर तो वर्ग आणखी भरला. नातीकडे तिघं उरली. दिवाळीत फराळ झाल्यावर तिचे वडील तिला काही विचारणार, त्याआधी तीच म्हणाली, "सावली गावातल्या एका शाळेत जागा आहे. मी हो सांगितलंय." मुलाला आनंद झाला नाही, हे मी त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवते. तो चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसला.

आता ती सकाळी अंधार असताना सावलीची बस पकडते. गाण्याची शिक्षिका म्हणून घेतलंय तिला. साठ साठ पोरांकडून प्रार्थना म्हणून घेते, झेंडावंदनाची गाणी बसवते, आणि कुठलेही सर आले नाहीत की त्या वर्गावर जाऊन बसते. संध्याकाळी घरी येते तेव्हा ओरडून ओरडून घसा फाटलेला असतो. ऑफिसात कानाला यंत्र होतं, तेव्हा निदान हळू बोलता यायचं. पगार वेळेवर होतो. घरातला वाटा पूर्ण देते. पहाटेचा रियाझ सुटला आहे. त्या वेळी ती बस स्टँडवर असते. तंबोऱ्याला मी गवसणी घालून ठेवली आहे. रविवारी ती तिघं मुलं येतात, दोन हजार आगाऊ देतात, आणि ती त्यांना बसक्या आवाजात शिकवते. मी दारामागून ऐकते. वरचा सा लावायचा असला की ती आता पेटीवर वाजवून दाखवते.

काल संध्याकाळी फोन आला. माझी विद्यार्थिनी.

"बाई, कधी येणार? पोरं सारखी विचारतात. त्यांचं त्या दिवशी जे बसलं ते आता सुटायला लागलंय हो. माझ्यानं होत नाही."

"येते की," मी म्हटलं. "दोन हजार."

ती हसायला लागली. खूप हसली. "तुमची मस्करी अजून तशीच आहे हो बाई!"

हेही माझंच. आयुष्यभर सगळ्यांची टर उडवली, आता खरं बोलले तर टाळ्या पडतात.

"मस्करी नाही. एका मुलाचे दोन हजार, महिन्याचे. आगाऊ. एका वेळी तीनच मुलं. चुकलेला वर्ग भरून मिळणार नाही. आणि माझ्याकडे नाही, माझ्या नातीकडे यायचं, रविवारी. मी नुसती बाजूला बसेन."

हसणं थांबलं. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. तेवढ्यात आमचं दार उघडलं आणि नात आत आली. तिनं चपला काढल्या, खांद्यावरची पिशवी खुर्चीला अडकवली आणि माझ्याकडे बघत तशीच उभी राहिली. तिनं शेवटची वाक्यं ऐकली असावीत.

पलीकडून अगदी मऊ आवाज आला. "बाई, तुम्हाला काही नाही द्यायचं असं थोडंच आहे. सगळ्यांना सांगते मी. देतील हो. यथाशक्ती."

इतकी वर्षं मला त्या कापडवाल्या बाईचा चेहरा आठवत नव्हता. काल आठवला. पाण्याचा पेला खाली ठेवून वाट बघत बसलेली.

"यथाशक्ती एटले केटला?" मी विचारलं.

आणि मग मीही तशीच वाट बघत बसले, रिसीव्हर कानाला लावून. डोळे झुकवले नाहीत. नात स्वयंपाकघरात गेली, माठातलं पाणी प्याली, परत आली. तिच्या आवाजाची पार चिंधी झाली होती.

"किती म्हणाली?" तिनं विचारलं.

"अजून काही बोलत नाहीये," मी म्हटलं.